तीन कुलपांचं इंटरनेट

सेनगावच्या एस.टी. स्टँडासमोरील ओळीतले सर्व व्यापारी, पक्षकार, विद्यार्थी आणि निकालाची वाट पाहणारे पालक यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, इंटरनेट बंद आहे. ते सुरू करण्यास समर्थ असलेला एक इसम आपल्या कुलपाची चावी कुणाच्याही हाती न देता निघून गेला आहे. तरी सर्वांनी नोंद घ्यावी.

फुलसिंग, तू गेल्यावर मी माझ्या शटरवर चिकटवलेली ही पाटी. मोठ्या ठळक टायपात, वर काळी चौकट काढून. प्रतापराव वकिलांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि ‘इसम’ हा शब्द कायद्याला धरून आहे असं म्हणाले. तू असतास तर म्हणाला असतास, “मास्तर, मेल्यावर बी माझ्याच नावानं बोंब मारून राहिला का?”

हो, मारून राहिलो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण त्याचा संशय घेऊ नये असं कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आपला वाद अर्धवट सोडून तू गेलास. मला एवढंच कळायला हवं आहे की ती पेटी तू चोरून उघडत होतास का. उघडत असशील, तर इतकी वर्षं मी एका चोराबरोबर चहा प्यालो. उघडत नसशील, तर आपले शेवटचे दिवस अबोल्यात गेले ते फुकट गेले. दोन्हीतलं कोणतं खरं निघालं तर बरं, हेही मला नीट ठरवता येत नाही.

जे आपल्या ओळीत कधी आले नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. तू ऐकल्यासारखं कर. मध्ये बोलायची तुझी सोय आता राहिलेली नाही, याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

एका ओळीत तीन गाळे. पहिला माझा, आधी टायपिंग इन्स्टिट्यूट, मग काळ बदलला तसं लग्नपत्रिका आणि ऑनलाइन फॉर्म. मधला प्रतापराव वकिलांचा. शेवटचा तुझा, ‘राठोड ट्रान्सपोर्ट’. सोयाबीनचे ट्रक भरून तेलाच्या मिलकडं पाठवायचे, हे तुझं काम. “आमच्या आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाहून नेलं, मी टायरावर सोयाबीन नेतो, एवढाच फरक,” असं तू नव्या माणसाला पहिल्या भेटीत सांगायचास आणि दुसऱ्या भेटीतही सांगायचास.

ब्रॉडबँड सेनगावात आलं तेव्हा आपण तिघांनीही अर्ज केले. एक्स्चेंजमध्ये जागा थोड्या होत्या. आपल्या ओळीतून एकट्या वकिलांचा नंबर लागला. आता काय करायचं? विहीर एक आणि भाऊ तीन असले की जे करतात तेच केलं. पाळी लावली. निकालाच्या दिवशी नेट माझं, सोयाबीनच्या हंगामात तुझं, आणि हिंगोलीच्या कोर्टात तारीख असली की वकिलांचं. ज्याची पाळी नसेल त्यानं गुमान पत्ते खेळावेत.

पण नेट विहिरीसारखं नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. एकाच डब्यातून तिघांना वायरी दिल्या होत्या, त्यामुळं सगळ्यांचे कॉम्प्युटर एकमेकांना दिसायला लागले. साखरा गावच्या एका लग्नाची पत्रिका मी छापायला सोडली, ती वकिलांच्या प्रिंटरमधून घटस्फोटाच्या अर्जापाठोपाठ बाहेर पडली. आणि तू तुझ्या पडद्यावर ‘मास्तर-२’ असं माझ्या मशिनचं नाव पाहिलंस आणि चप्पल न घालता धावत माझ्या गाळ्यात आलास.

“तू माझ्या कॉम्प्युटरमधी काय करून राहिला?”

“मी इथं बसलोय, फुलसिंग.”

“तू हितं हायेस, पर तुझं नाव तिकडं बसलंय. माझे भाव पाहून राहिला तू. कोणाला सांगून राहिला?”

“अरे, तुझ्या सोयाबीनच्या भावाचं मी काय करू?”

“तेच तं इचारून राहिलो.”

तुझ्याशी वाद घालण्यात हीच गंमत होती. माझं प्रत्येक उत्तर तुझ्या संशयाचा पुरावा व्हायचं.

मग हिंगोलीहून कॉम्प्युटर जोडणारा आला. त्यानं प्रत्येक गाळ्यात वेगळा राऊटर बसवला आणि समजावलं, की आता तीन घरं वेगळी झाली, प्रत्येकाला आपापली भिंत, फक्त बाहेर जायचा दरवाजा सामाईक. वकिलांनी मान डोलवली, मी डोलवली. तू राऊटर उचलून हलवून पाहिलास.

“भिंत दिसत न्हाई.”

“काका, ती आत असते.”

“दिसत न्हाई ती भिंत कसली? उद्या मी म्हनीन माझ्या शेताला कुंपण हाय, आत हाय.”

शेवटी तीन रंगांच्या वायरी आणल्या, तेव्हा तू शांत झालास. लाल तुझी, पिवळी माझी, निळी वकिलांची. रंग वेगळा म्हणजे घर वेगळं, हे तुला पटलं. माझ्याही मनात आलं, की चला, आता कुणी कुणाच्या ताटात पाहणार नाही. पण खरा प्रश्न तर पुढंच होता. तो दरवाजा, म्हणजे टेलिफोनची लाइन येते तो मोडेम, कुणाच्या गाळ्यात राहणार? ज्याच्याकडं राहील तो बाकीच्या दोघांची वायर काढून सगळं नेट एकटा ओढेल, यावर तिघांचं तत्काळ एकमत झालं. आपलं तिघांचं एकमत झाल्याची ती एकच वेळ.

तोडगा तुझाच. तुमच्या तांड्यावरच्या देवळात दानपेटीला तीन कुलपं असतात. एका कुलपाची चावी नायकाकडं, एकाची कारभाऱ्याकडं, एकाची पुजाऱ्याकडं. तिघं हजर असल्याशिवाय पेटी उघडत नाही, म्हणून तांड्यावर कधी भांडण झालं नाही. हे तू उभं राहून, हात पसरून सांगितलंस आणि वकील भारावून म्हणाले, “हे तर घटनेत पाहिजे होतं.”

वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याची पेटी करून घेतली. वायरींसाठी भोकं फक्त बोटाएवढी, ही वकिलांची अट, कारण मोठ्या भोकातून काडी घालून बटण दाबता येतं असं त्यांना वाटत होतं. कुलपं आणायला आठवडी बाजारात तू स्वतः गेलास, एकाच दुकानदाराच्या माळेतून तीन निवडलीस, प्रत्येक कानाशी धरून वाजवून पाहिलंस. पेटी तुझ्या गाळ्याशेजारच्या बोळात भिंतीला ठोकली. कुलपं लागली. तू नारळ फोडलास. जगात दुसरीकडं कुठं इंटरनेटला तीन कुलपं लावून नारळ फोडला असेल, तर मी माझं दुकान बंद करतो.

आता आपल्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही ते सांगतो. दानपेटीत पैसे असतात, ते तापत नाहीत. मोडेम तापतो. पत्र्याची बंद पेटी, पश्चिमेची भिंत, सेनगावचा उन्हाळा. दुपार झाली की मोडेम लटकायचा आणि बटण बंद करून पुन्हा चालू करायला तीन माणसं आणि तीन चाव्या लागायच्या.

तो बारावीच्या निकालाचा दिवस आठवतो? माझ्या गाळ्यासमोर अर्धा तालुका उभा. पोरं, पोरींचे बाप, जीप करून आलेले मामा. पाच-सहा निकाल निघाले आणि नेट गेलं. वकील चावी घेऊन आले, मी उभा, आणि तू साखऱ्याला पुतणीच्या हळदीला. जीपवाल्याबरोबर निरोप धाडला. तू मोटारसायकलवर आलास, कपाळावर हळद, कानामागं हळद, खिशात अक्षता. गर्दीनं तुला वाट करून दिली, जणू मंत्री आला. तू कुलूप उघडलंस, मी बटण दाबलं, तू पुन्हा कुलूप लावलंस, ओढून पाहिलंस. मग माझंही ओढून पाहिलंस.

“माझं लागलंय, फुलसिंग.”

“तुझ्यावर भरोसा हाय. कुलपावर न्हाई.”

आणि त्या गर्दीला उद्देशून म्हणालास, “लेकराहो, पास झाले तं मास्तरला पेढे देऊ नका. मला द्या. चावी माझी होती.” लोकांनी खरंच दिले. तू एक मला दिलास, अर्धा करून.

तर असं आपलं चालायचं. रोज दुपारी नेट लटकणार, तिघं बोळात जमणार, तीन कुलपं, मग आलोच आहोत तर चहा. त्या चहावर आपण एकमेकांवर किती आरोप केले असतील. तुला वाटायचं मी सिनेमे उतरवून घेतो. मला वाटायचं तुझ्या ट्रकचे ड्रायव्हर ऑफिसात बसून नको ते बघतात. वकिलांबद्दल तू एकदा मला बाजूला घेऊन म्हणालास, “वकिलाचं नेट सकाळच्या पारी कधीच अडकत न्हाई, ध्यानात आलं का तुझ्या? आपुन यायच्या आधी त्याचं काम झालेलं असतंय.” मी म्हटलं, ते लवकर उठतात. तू म्हणालास, “त्याच्यावर माझा संशय न्हाई. म्हूनच जास्त संशय येतो.”

हे सगळं लिहिताना मला एक गोष्ट टाळायची होती, पण टाळली तर तू वरून हसशील. माझी बायको नांदेडला दवाखान्यात होती तेव्हा तू माझं दुकान सांभाळलंस. तुला टाइप करता येत नव्हतं, तरी गिऱ्हाईकांना बसवून ठेवलंस, चहा पाजलास आणि ‘मास्तर उद्या येतेत’ असं रोज सांगितलंस. मी परत आलो तेव्हा सगळे अर्ज तसेच होते, गिऱ्हाईक मात्र एकही तुटलं नव्हतं. मी आभार मानले नाहीत. हा माणूस एवढा चांगला का वागतोय, याचाच विचार करत बसलो. तुलाही ते दिसलं असणार, कारण तू म्हणालास, “इचार करू नको. सवड होती.”

आता वादाकडं येतो.

गेल्या उन्हाळ्यापासून नेट दुपारचं लटकायचं थांबलं. एकदाही नाही. वैशाखात पत्र्यावर हात ठेववत नव्हता, पण नेट चालू. वकील म्हणाले, चांगलंच झालं. मी मात्र अस्वस्थ झालो. माझ्या मते बिघडणारी वस्तू बिघडली तर तिचा संशय घेऊ नये. बिघडायची थांबली की घ्यावा. शिवाय रोजचा चहा बंद झाला, तेही मला खटकत होतं. दुपारी मी जेवायला घरी जातो आणि अंमळ पडतो. वकील कोर्टात. तांडा लांब म्हणून तू एकटा ऑफिसात जेवतोस, बाजाराच्या दिवशी वहिनी ताजी भाकरी घेऊन येतात, एरवी डबा. म्हणजे भर दुपारी त्या बोळात फक्त तू.

या चैत्रात वीज खालीवर झाली आणि सकाळीच मोडेम अडकला. तिघांनी कुलपं उघडली. झाकण वर केलं तर मोडेमवर काय? वाळक्या गवताच्या चार काड्या, कापसाचा पुंजका आणि एक बारीकसं पीस.

मी काडी उचलून दोघांसमोर धरली. हे मान्य करतो की जरा नाटकीच धरली.

“हे काय आहे?”

“चिमणी घरटं करून राहिली,” तू म्हणालास.

“तीन कुलपांच्या आत?”

“भोकातून आली असेल,” वकील म्हणाले.

“भोकं बोटाएवढी आहेत, वकीलसाहेब. तुमचीच अट. चिमणी आत यायला झाकण उघडं पाहिजे, आणि चांगलं तास-दोन तास पाहिजे. चिमणीकडं तर चावी नाही.”

वकील आपल्या चावीकडं बघायला लागले. तू माझ्याकडं बघत होतास.

“मंग बोल ना सरळ, मास्तर.”

“दुपारी इथं तू एकटाच असतोस.”

“हां.”

“पेटी उघडतोस, आमच्या वायरी काढतोस आणि सगळं नेट एकटा ओढतोस. विहिरीवर एकच मोट असली की विहीर आटत नाही. म्हणून ते लटकत नाही.”

“आन तुमची दोन कुलपं? ती कशी उघडली मी?”

मी आणखी मोठ्यानं म्हणालो, “ते तूच सांग.”

मला वाटलं आता तू उसळशील. हळदीच्या दिवसासारखं भाषण करशील. तू त्या काड्या गोळा करून खिशात ठेवल्यास, बटण दाबलंस, कुलूप लावलंस. या वेळी ओढून पाहिलं नाहीस. “बराबर हाय तुझं,” एवढंच म्हणून ऑफिसात गेलास. बराबर हाय म्हणजे काय? कबुली की टोमणा? एवढे दिवस मी ते दोन शब्द उलटेपालटे करून पाहतो आहे.

मग अबोला. पण आपला अबोलासुद्धा साधा नव्हता. अवकाळी वादळ झालं त्या दिवशी पुन्हा पेटी उघडायची वेळ आली, तर कुलपं काढायच्या आधीच तू माझ्यापासून हातभरावर उभं राहून वकिलांना म्हणालास, “वकीलसाहेब, मास्तरला सांगा, त्यांच्या पिवळ्या वायरीला उंदीर लागलाय. पट्टी मारून घ्या म्हणा.” मी म्हटलं, “वकीलसाहेब, त्यांना सांगा, बाहेरून दिसत नाही तो उंदीर त्यांना कसा दिसला?” वकिलांनी दोन्ही निरोप पोचवले. तू हसलास की खोकलास, ते अजून ठरत नाही.

आणि मग वारंगा फाट्यावरून फोन आला. ट्रकला माल लावून टपरीवर बसला होतास. चहा सांगितला होतास. तो चहा आला तेव्हा तू नव्हतास.

मी रडलो नाही असं वकिलांनी सगळ्यांना सांगितलं. खरं आहे. मला राग आला होता. वादातून माणूस असा उठून जातो का?

तू गेलास आणि त्याच दुपारी नेट लटकलं, ते बंदच. हे बघ, मी काही अंधश्रद्ध नाही. पण तू असताना वर्षभर चाललेलं यंत्र, तू गेल्यावर एक दुपार धड चालेना. म्हणजे तू त्याला काहीतरी करत होतास. माझा आरोप खराच होता, असं मी वकिलांना सांगितलं. ते म्हणाले, “मयतावर आरोप टिकत नाही.”

तुझी चावी सापडेना. करदोड्याला बांधलेली असायची, असं सगळ्यांना माहीत. पण दुःखाच्या घरी जाऊन इंटरनेटची चावी कोण मागणार? आम्ही थांबलो. पाटी लावली. आणि परवा सकाळी एक विचित्र प्रकार झाला. मी दुकान उघडलं तर नेट चालू. तिन्ही कुलपं जागच्या जागी, तुझंही. मी बोळात जाऊन हळूच विचारलं, “फुलसिंग, येऊन गेलास का?” वकील त्यांच्या गाळ्यात आधीच आलेले होते. ते गंभीरपणे म्हणाले, “जीव अडकलेला असतो एखाद्या वस्तूत.” दुपारी नेट पुन्हा गेलं. काल सकाळी पुन्हा आलं, दुपारी पुन्हा गेलं. तुझी वेळ चुकत नव्हती.

शेवटी वकिलांनी सल्ला दिला, की मयताचं कुलूप वारसाच्या समक्ष कापावं, म्हणजे पुढं कटकट नको. तुझे विधी उरकले होते. वहिनींना निरोप धाडला. आज सकाळी त्या आल्या, डोक्यावर पदर, हातात तुझाच डबा, सवयीनं आणला असावा. मी बोळात स्टुलावर उभा, हातात आरीचं पातं. वकील बाजूला, आपली चावी मुठीत, चेहरा श्राद्धाला बसल्यासारखा.

पातं कुलपाला लागलं आणि वहिनी म्हणाल्या, “काहून कापून राहिले, भाऊजी?”

“यांची चावी नाही ना, वहिनी.”

“तुमची हाय की. तीच लावा. तिन्ही कुलपांना एकच चावी लागते. एका माळेतली हायत ती.”

मी पातं खाली केलं. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“ह्यांनीच. एकदा चावी घरी राहिली तं कोठीच्या कुलपाची लावून पाहिली, ती बी तिन्हींना लागली. तवापासून उन्हाळाभर दुपारच्याला झाकण उघडं टाकून म्होरं बसायचे, पुठ्ठ्यानं वारा घालत. आतला डबा तापतो म्हनायचे. तुमी जेवून येताना दिसले की कुलपं लावायचे.”

“मग आम्हाला सांगितलं का नाही?”

“मी बी म्हनलं, सांगा. तं म्हनले, कुलूप हाय म्हून तिघं शेजारी हाव. ते खोटं हाय हे कळालं तं मास्तर जेवायला घरी जाईल का?”

मी माझी चावी तुझ्या कुलपाला लावली. ती फिरली. इतकी सहज, की माझंच कुलूप उघडतोय असं वाटलं. झाकण वर केलं. आत मोडेम, आणि कोपऱ्यात, वायरींच्या मागं, घडी घातलेला पुठ्ठा. माझ्याच दुकानातला, लग्नपत्रिकांच्या खोक्याचा.

वहिनींनी डोळ्याला पदर लावला. मी तो पुठ्ठा बाहेर काढला. आणि प्रतापराव वकील, मुठीतल्या चावीकडं बघत, आपण कोर्टात नाही हे विसरून मोठ्यानं बोलून गेले:

“म्हणजे फुलसिंगलासुद्धा ठाऊक होतं?”